फोटो, मलम आणि गीतरत्न : अकरावीतल्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातलं आहे. मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला. घरी आई-वडील आणि दोन मोठे भाऊ. स्वतःची जमीन थोडी, त्यामुळे हंगामात सगळं घर दुसऱ्यांच्या बागांवर कामाला जातं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच आहेत, रविवारी उपासनेला तालुक्याच्या गावी यावं लागतं. मी समुपदेशनाचं काम करते आणि तिथल्या चर्चच्या मंडळीत उपासनेनंतर मोठ्या मुलींचा गट घेते. मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव कुणाचंच दिलेलं नाही.

लिहावंसं वाटलं, कारण मुलीचं कुणा मुलाशी काही आहे असं उघडकीला आलं की आपल्या मंडळ्यांमध्ये पहिला प्रश्न निघतो, ‘मुलगा आपल्यातला की बाहेरचा?’ मुलीला काय वाटतंय हे कुणी विचारत नाही. या मुलीला कुणी आवडलं यात तिचं काही बिघडलं नव्हतं. ते कुणाशी बोलायची सोयच नव्हती, आणि देवाशीसुद्धा बोलायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. सगळं बिघडलं ते तिथून.

माझ्यापर्यंत मात्र ती मुलाच्या निमित्ताने आलीच नाही. आली ती चेहऱ्यामुळे.

नोव्हेंबर महिना होता. बागांमध्ये थिनिंग चालू होतं. द्राक्षाच्या घडातले दाटीचे मणी छोट्या कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. हात वर करून दिवसभर करायचं काम, आणि बायका-मुलींच्याच वाट्याचं. कॉलेज बुडवून तीही जात होती. एरवी कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात, पुढे उभी राहणारी मुलगी त्या महिन्यात चर्चमध्ये मागच्या बाकावर स्कार्फ गुंडाळून बसायला लागली. विचारलं तर म्हणे, ऊन बाधतं. आत खोलीत नेऊन स्कार्फ काढायला सांगितला. दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल, त्यावर बारीक शिरांचं जाळं, हनुवटीवर पुटकुळ्या आणि कानाजवळ दाट लव. दप्तरातून तिने एक चेपलेली ट्यूब काढली. मैत्रिणीने सांगितली, मेडिकलमधून आणली, आठ दिवसांत रंग उजळला, म्हणून रोज रात्री लावत राहिली. जवळजवळ शाळा संपल्यापासून.

ट्यूबवरची नावं मी वाचली : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन, मोमेटासोन. हे तिन्ही घटक एकत्र असलेलं मलम त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी, देतात, तेही थोड्या दिवसांसाठी आणि देखरेखीखाली. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ते महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं की कातडी पातळ होते, ऊन सहन होत नाही, आणि लावणं एकदम थांबवलं तर चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो. मग घाबरून माणूस पुन्हा तेच लावतं. सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी तालुक्याच्या गावात ती मागितली की मिळतात.

तिला म्हटलं, आधी डॉक्टरांकडे जाऊ, बाकीचं नंतर बघू. या क्रमाबद्दल मी आग्रही आहे. चेहरा जळत असलेल्या मुलीला ‘देव तुझं अंतःकरण पाहतो’ हे वचन ऐकवणं म्हणजे भुकेल्याला प्रवचन देणं. नाशिकच्या डॉक्टरांनी मलम हळूहळू कमी करत बंद करायला सांगितलं, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दिलं, आणि पुढचे काही आठवडे चेहरा वाईट दिसेल हे तिच्या तोंडावर स्पष्ट सांगितलं. हे सांगितलं म्हणूनच तिने धीर धरला, असं मला वाटतं.

नाशिकहून परतताना एसटीत तिने मला विचारलं, “आंटी, मुलाशी बोलणं म्हणजे पाप असतं का?”

तिथे काही खोदून विचारलं नाही. तिला एवढंच सांगितलं की तू मला जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण कुणी तुला इजा करतंय किंवा करणार आहे असं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही, आणि कुणाला काही सांगण्याआधी मी तुला सांगेन. अल्पवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकीने ही अट सुरुवातीलाच सांगायला हवी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अल्पवयीन मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं कुणावरही बंधनकारक आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन दिलं, तर पुढे एक तर मुलीचा विश्वास मोडावा लागतो, नाही तर कायदा.

पण तिने स्वतःहून काही सांगण्याआधीच घरी सगळं फुटलं. दोघां भावांतल्या धाकट्याने तिचा फोन उघडला. इन्स्टाग्रामवर बारावीतल्या एका मुलाशी चॅट सापडलं, आणि तिने पाठवलेला एक फोटो : ओढणी नाही, एक खांदा उघडा, आणि फिल्टर लावून चेहरा इतका गोरा केलेला की आईला आधी ही कोण मुलगी तेच कळेना. भावाने एक ठेवून दिली. फोन कपाटात गेला, कॉलेज बंद झालं, आणि मोठा भाऊ म्हणाला, बारावीपर्यंत वाट कशाला बघायची, एखादं स्थळ बघा.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याकडे आली. “ताई, तुम्हीच बघा आता हिच्याकडे. गावात आपली घरं किती, तुम्हाला माहीत आहे. उद्या काही झालं तर आमच्या बाजूने कोण उभं राहणार?” ही भीती मी हलकी मानत नाही. चार घरांच्या समाजात मुलीचं नाव बाहेरच्या मुलाबरोबर जोडलं गेलं, तर त्याचे चटके सगळ्या घराला बसतात, आणि ते कुटुंब गरीब असेल तर जास्तच बसतात. आईला मी आधी पाणी दिलं, तिचं पूर्ण बोलू दिलं. मग तीन गोष्टी सांगितल्या. हात उचलणं आजपासून बंद. कॉलेज बंद करून मुलगी सुरक्षित होत नाही, फक्त एकटी पडते. आणि लग्नाचं म्हणाल तर १८ च्या आत ते कायद्याने होत नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, आणि आपल्या १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही मुलीला १८ आणि मुलाला २१ ही अट आहे. कुठलाही पाळक हे लग्न लावू शकत नाही. तिसरी गोष्ट ऐकून आईचा चेहरा सैल झाला. मुलीचं लग्न तिला स्वतःलाच नको होतं. मुलांपुढे बोलायला आधार हवा होता, तो मिळाला.

त्या आठवड्यात मुलीशी जे बोलणं झालं, त्यात मला तीन वेगवेगळे धागे दिसले. ते सगळ्यांनी एकत्र गुंतवून ठेवले होते.

एक, तिला तो मुलगा खरोखर आवडत होता. स्टँडवर ओळख झाली, फिजिक्सच्या नोट्स दिल्या-घेतल्या, तो तिचं बोलणं ऐकून घ्यायचा. घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. हे ती सांगत असताना तिचा आवाज बदलला, आणि लगेच तिने मान खाली घातली.

दोन, फोटो. तो म्हणाला होता, ‘एक पाठव ना, भरोसा नाही का?’ तिने पाठवला. मग त्याने ‘असाच अजून एक’ मागितला, तेव्हा तिने उत्तरच दिलं नाही. दोन दिवसांनी त्याच्या एका मित्राने येता-जाता असं काही बोललं की फोटो त्याने पाहिलाय हे तिला कळलं. भाऊ फोन उघडायच्या आधीच ती रात्र-रात्र जागत होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तीन, गुलाब. याचा उलगडा व्हायला वेळ लागला. ती सारखी म्हणत होती, “मी आता ते गुलाब झाले, आंटी.” दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका तरुण शिबिरात बाहेरून आलेल्या वक्त्याने एक टवटवीत गुलाब मुलामुलींमध्ये हातोहात फिरवलं होतं. परत आलं तेव्हा पाकळ्या चुरगळलेल्या. तो म्हणाला, आता हे कुणाला हवंय? तेव्हा ही मुलगी नववीत होती. शिबिरातलं बाकी काहीही तिच्या लक्षात नाही. ते गुलाब आहे.

इथे जरा थांबून बोलते, कारण अशी गुलाबं आपल्याकडे अजून फिरतात. अमेरिकेत १९९३ साली सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ नावाची मोहीम सुरू केली. किशोरवयीन मुलामुलींनी लग्नापर्यंत शुद्ध राहण्याच्या शपथपत्रावर सह्या करायच्या. पुढे अंगठ्या आल्या, गुलाबं आली, वापरून वापरून चिकटेनाशा झालेल्या चिकटपट्ट्या आल्या, आणि शिबिरांच्या साहित्यातून ते जगभर पसरलं. तिथे या शपथांवर अभ्यासही झाले. पीटर बेअरमन आणि हाना ब्रुकनर यांना २००१ साली दिसलं की शपथ घेणाऱ्यांचा पहिला लैंगिक संबंध लांबतो खरा, पण सगळीकडे नाही, आणि शपथ मोडणारी मुलं तेव्हा खबरदारी कमी घेतात. २००९ साली जॅनेट रोझेनबॉम यांनी शपथ घेणारी मुलं आणि तशाच घरांतली, तशाच विचारांची पण शपथ न घेतलेली मुलं यांची पाच वर्षांनंतर तुलना केली. वागण्यात फरक सापडला नाही. गर्भनिरोधकं वापरण्यात मात्र सापडला, शपथवाली मुलं मागे होती. मी पावित्र्याच्या विरोधात नाही. लग्नाआधी थांबावं असं मीही मुलींना शिकवते, आणि मनापासून शिकवते. पण मुलीला चुरगळलेली वस्तू ठरवून पावित्र्य शिकवता येत नाही. एकदा पाय घसरला की सगळं संपलं असं मानणारी मुलगी घसरल्यावर मदत मागायला येणार नाही. ती लपवेल. ही मुलगी नेमकी तशीच लपवत होती. आणि ज्याच्या मंडळीत, त्यालाच तीनदा नाकारणारा पेत्र नावाचा शिष्य परत घेतला जातो, त्या प्रभूच्या नावाने असलं गुलाब फिरवायला मी माझ्या गटात तरी जागा देणार नाही.

फोटोचं काम आधी उरकलं, कारण ते थांबणारं नव्हतं. ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. फोटो अश्लील या सदरात मोडत नव्हता, धमकी नव्हती, शरीराला हात लागलेला नव्हता, मुलगाही १७ वर्षांचाच होता. पण दुसऱ्या फोटोसाठी दबाव वाढला असता, धमकी आली असती किंवा फोटो पसरला असता, तर आम्ही तक्रार करणार होतो. अल्पवयीन मुलांच्या अश्लील चित्रांबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आहे, आणि १८ च्या आतल्या मुलीची ‘संमती होती’ हा बचाव तिथे चालत नाही. मुलीला मी दोन नंबर पाठ करायला लावले, १०९८ आणि १९३०. पहिला चाइल्डलाइनचा, दुसरा सायबर गुन्ह्यांचा. अल्पवयीन मुलांचे नग्न किंवा तशा स्वरूपाचे फोटो पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याची एक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून इन्स्टाग्रामसारखी ठिकाणं तो अडवतात. तिच्यावर ती वेळ आली नाही, पण गटातल्या सगळ्या मुलींना हे माहीत असावं म्हणून मी ते फळ्यावर लिहिलं. कॉलेजमधल्या एका मॅडमना विश्वासात घेतलं. त्यांनी मुलगा, त्याची आई आणि तो मित्र यांना बोलावलं, दोघांच्या फोनमधून फोटो समोर काढून टाकायला लावले. मुलगा रडला म्हणे. तो काही गुंड नव्हता. मित्रांसमोर मिरवायचं होतं, आणि हे चूक आहे असं त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तोवर मंडळीत कुजबूज पोचली होतीच. पंच कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं, तिला कॉयरमधून काढा, दृढीकरणाच्या, म्हणजे मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गातून वर्षभर मागे ठेवा, म्हणजे बाकीच्यांना वचक बसेल. पाळकसाहेबांनी मला विचारलं. मी बायबलमधला मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. स्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याबद्दल येशू बोलतो, आणि लगेच पुढच्या वचनात डोळा उपटून टाकायला सांगतो. डोळा पाहणाऱ्याचा, तिचा नव्हे. तिला बुरख्यात घाला असं तो कुठेही म्हणत नाही. पाळकसाहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “कॉयरमध्ये राहील. वर्गातही राहील. आणि तरुण संघाच्या मुलांशी मी स्वतः बोलतो.” कमिटीतले ते गृहस्थ नाराज झाले, अजूनही आहेत. तेही या मंडळीचेच आहेत, त्यांच्या नातवंडांतही मुली आहेत, आणि त्यांच्या नाराजीमागे काळजी आहे हे मला समजतं. निर्णय मात्र योग्यच होता.

आता विश्वासाच्या कामाविषयी. इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

तिची प्रार्थना बंद पडली होती. वचन वाचायची, गायची, पण एकटीने देवाशी बोलायची नाही. “काय बोलू? त्याला सगळं माहीतच आहे.” तिला मी स्तोत्रांकडे नेलं नाही, बायबलमधल्या गीतरत्न या पुस्तकाकडे नेलं. आपल्याकडे हे पुस्तक मुलींपासून लपवूनच ठेवतात. ते ख्रिस्ताच्या आणि मंडळीच्या प्रीतीचं रूपक आहे असं सांगून पान उलटतात. रूपक तर आहेच. पण आधी ती एका मुलीची आणि तिच्या प्रियकराची गाणी आहेत, आणि पवित्र शास्त्रात ती आहेत.

पहिल्या अध्यायातलं पाचवं-सहावं वचन मी तिला मोठ्याने वाचायला सांगितलं. मुलगी म्हणते, मी सावळी आहे, तरी सुंदर आहे. माझ्याकडे टक लावून बघू नका, उन्हाने मला रापवलं. माझ्या आईचे मुलगे माझ्यावर संतापले, त्यांनी मला द्राक्षमळे राखायला लावलं, आणि माझा स्वतःचा मळा मात्र मी राखला नाही.

ती वाचता वाचता थांबली. स्वतःच्या हातांकडे बघितलं. थिनिंगच्या कात्रीने अंगठ्याजवळ घट्टा पडलेला होता, बोटांवर द्राक्षाच्या डिंकाचे काळे डाग होते. मग म्हणाली, “हे आपल्या बायबलमध्ये आहे?” पुन्हा वाचलं. “भाऊसुद्धा आहेत.”

मी काही समजावत बसले नाही. समजवायला उरलंच काय होतं? त्या संध्याकाळी ती बायबल घरी घेऊन गेली आणि आठही अध्याय वाचून आली. तिने मला जे दाखवलं ते माझ्या ध्यानात आजवर आलं नव्हतं. शेवटच्या अध्यायात भाऊ आपसांत ठरवतात की आपली बहीण लहान आहे, ती भिंत असेल तर असं करू, दार असेल तर तसं करू. आणि बहीण मध्येच उत्तर देते, मी भिंतच आहे. “तिला कुणी विचारलंच नव्हतं,” ती म्हणाली, “तरी तिने सांगितलं.”

रंगाबद्दलही तिथूनच बोलता आलं. चर्चमध्ये, घरात कॅलेंडरवर, शिबिराच्या बॅनरवर जो येशू ती पाहत आली तो गोरा, निळ्या डोळ्यांचा. हे चित्र युरोपचं आहे, येशू नासरेथचा सुताराचा मुलगा होता, उन्हात चालणारा. आपल्याच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये १९ व्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकली. त्यांतला जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवाबरोबर लंडनपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेत ती शवपेटी धरणाऱ्यांत होता. गटातल्या मुलींना हे सांगितलं तेव्हा एकीलाही ते ठाऊक नव्हतं. काळ्या कातडीच्या ख्रिस्ती माणसांचा इतिहास आपल्या बसच्या रस्त्यावर आहे, आणि आपल्या मुली मेडिकलमधून गोरेपणाच्या ट्यूबा आणतात.

इच्छेबद्दलचा प्रश्न तिने शेवटी सरळ विचारला. “तो आठवला की पोटात कसंतरी होतं. हे होतं म्हणजे मी वाईट आहे का?” मी म्हटलं, नाही गं. शरीर देवाने दिलं, आणि ते १६ व्या वर्षी जागं होणारच. इब्री लोकांस पत्र सांगतं की प्रभू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे ओढ जाणवणं हे पाप नव्हे. ओढ जाणवल्यावर मी स्वतःशी आणि दुसऱ्याशी कशी वागते, हे माझ्या हातात आहे. गीतरत्नात एक ओळ तीनदा येते : प्रेमाला त्याची वेळ येईपर्यंत जागवू नका, उठवू नका. ही ओळ यरुशलेमेच्या मुलींना उद्देशून आहे, आणि ती म्हणणारी स्वतः प्रेमात आहे. प्रेम काय असतं हे माहीत असलेली बाई थांबायला सांगते, तेव्हा मुली ऐकतात. प्रेमाला घाण म्हणणाऱ्याचं त्या कशाला ऐकतील?

मग एक साधा उपाय केला. वहीच्या मागच्या पानावर तिने रोज लिहायचं : त्याला मेसेज करावासा कधी वाटला, आणि त्याआधी काय झालं होतं. काही आठवड्यांत तिचं तिलाच दिसलं. सगळ्यात जास्त ओढ लागायची ती थिनिंगवरून दमून आल्यावर, किंवा घरात कुणी रंगावरून बोललं की, किंवा रात्री अकरानंतर. अभ्यास चांगला झाला त्या दिवशी फारशी नाही. “मला तो हवा असतो की कुणीतरी छान म्हणावं असं हवं असतं?” हा प्रश्न तिचा, माझा नाही. तिथून प्रार्थना परत सुरू झाली. वाक्यं अगदी साधी : ‘प्रभू, आज मला फार एकटं वाटतंय. आज तो आठवतोय. माझ्याबरोबर बस.’ एवढीच. वही बंद करून झोपायची.

गटातही आम्ही विषय बदलला. बायबलच्या २ शमुवेल या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायातली, दावीद राजाची मुलगी तामार हिची गोष्ट आपण मुलींसमोर वाचत नाही. आम्ही वाचली. तिचा सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर इतकं प्रेम करतो की आजारी पडतो. मित्र युक्ती सांगतो. ती नाही म्हणते, कारणं देते, तो ऐकत नाही, तिच्यावर बळजबरी करतो, आणि नंतर तिचा द्वेष करतो. सख्खा भाऊ तिला गप्प राहायला सांगतो. राजा रागावतो आणि काहीच करत नाही. दहावीतली एक मुलगी म्हणाली, “जो नाही ऐकू शकत नाही, त्याला प्रेम म्हणायचंच कशाला?” माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा हे वाक्य गटात जास्त टिकलं. आता फोटो मागणारा, लोकेशन मागणारा, पासवर्ड मागणारा कुणी असला की मुली एकमेकींना विचारतात, नाही म्हणून बघितलंस का?

बाहेरच्या धर्माच्या मुलाशी नातं, हा प्रश्न मंडळीने मला परत परत विचारला. लग्न विश्वासातल्या माणसाशीच व्हावं असं मला वाटतं, आणि का वाटतं तेही मुलींना सांगते : प्रार्थना, मुलांचा बाप्तिस्मा, रविवार, दुःखात कुणाकडे बघायचं, हे सगळं घरात सोबतीने व्हावं म्हणून. पण अकरावीतल्या मुलीसमोर लग्नाचा प्रश्न ठेवणं चुकीचं आहे. तिच्यापुढचा प्रश्न हा होता की आपल्याशी कसं वागलं पाहिजे हे तिला सांगता येतं का. तो मुलगा ख्रिस्ती असता आणि त्याने फोटो मित्राला दाखवला असता, तर ते बरं झालं असतं का?

डिसेंबरच्या सुरुवातीला ती कॉलेजला परत गेली. फोन परत देताना काय नियम असावेत, हे वडिलांनी तिलाच लिहायला लावलं, ही माझी सूचना होती. तिने चार ओळी लिहिल्या. रात्री दहानंतर फोन आईच्या खोलीत, अंगाचे फोटो कुणालाच नाहीत, अनोळखी फॉलोअर काढणार, आणि ‘मला काही झालं तर मी मम्मीला आधी सांगेन, पण मम्मीने आधी ओरडायचं नाही.’ आईने त्या कागदावर सही केली.

त्या मुलाशी तिने स्वतः बोलून घेतलं, कॉलेजच्या आवारात, मैत्रीण बरोबर असताना. बोलू, पण चारचौघांत. रात्रीचं चॅट नाही. फोटो तू दाखवलास ते मला लागलं. त्याने माफी मागितली. जानेवारीत तो दुसऱ्याच मुलीबरोबर दिसू लागला आणि ही दोन रविवार रडली. मी तिला ‘बरंच झालं’ म्हटलं नाही. रडू दिलं. आवडलेलं माणूस निघून गेलं की दुखतंच.

चेहरा सुधारायला फेब्रुवारी उजाडला. मलम कमी केल्यावर मधले काही आठवडे फार वाईट गेले. नाताळच्या उपासनेला ती स्कार्फ न बांधता, लाल गालांनी कॉयरमध्ये उभी राहिली, तेव्हा बायकांनी विचारलंच. तिने प्रत्येकीला ट्यूबचं नाव सांगितलं, तुमच्या मुलींना लावू देऊ नका म्हणाली. त्यानंतर आणखी दोघी मुली तशाच ट्यूबा घेऊन माझ्याकडे आल्या. दृढीकरण ईस्टरनंतर झालं.

आता ती बारावीत आहे, बीएस्सी नर्सिंगचं ठरवते आहे. मोठ्या भावाने लग्नाचा विषय सोडला. धाकट्याशी मात्र ती अजून नीट बोलत नाही. आईला वाटतं, तिने मोठं मन करून माफ करावं, ख्रिस्ती घर आहे आपलं. मुलगी म्हणते, “करीन मी माफ. पण मला मारलं हे त्याने एकदा तोंडाने म्हणू दे.” मी तिच्या बाजूची आहे, आणि आईला तसं सांगितलंय. भावाशी बोलायचं काम पाळकसाहेबांनी घेतलं आहे. दोनदा भेटले, अजून तो त्या विषयावर आलेला नाही.